बँकेचा नफा आणि बँकेतील रोकड

बँक तोट्यात गेली की ठेवी अडकतात आणि ती नफ्यात असली की त्या सुरक्षित राहतात, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या दोन बँकांचा अनुभव याहून निराळा आहे.

१९३५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रला २०१८-१९ या आर्थिक वर्षात ४,७८४ कोटी रुपयांचा तोटा झाला. थकीत कर्जांपोटी कराव्या लागलेल्या तरतुदींचा तो परिणाम होता. जून २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात रिझर्व्ह बँकेचे निर्बंधही तिच्यावर होते. तरीही ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी धाव घेतली नाही.

त्याच वर्षी मुंबईतील खासगी येस बँकेने १,७२० कोटींचा नफा नोंदवला. मार्च २०१९ अखेर तिच्याकडे सुमारे २ लाख २७ हजार कोटींच्या ठेवी होत्या; ५ मार्च २०२० पर्यंत त्या १ लाख ३७ हजार कोटींवर आल्या. त्याच दिवशी खात्यातून रक्कम काढण्यावर ५० हजार रुपयांची मर्यादा आली.

नफा हा हिशेबाचा आकडा आहे. कर्ज बुडीत मानून तरतूद केली नाही, तर तो काही काळ फुगलेला दिसतो. येस बँकेने थकीत कर्जे कमी दाखवल्याचे रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळले होते. रोखता म्हणजे मागताक्षणी पैसे देण्याची क्षमता. कर्जे वर्षानुवर्षे हप्त्यांनी फिटतात, ठेवी मात्र एका दिवसात मागितल्या जाऊ शकतात. म्हणूनच रोखतेचा खरा आधार ठेवीदारांचा विश्वास असतो. सरकारी बँकेला तो मालकीमुळे लाभतो. त्याची किंमत अर्थात करदाता मोजतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने बँक ऑफ महाराष्ट्रला सुमारे साडेचार हजार कोटींचे भांडवल दिले.

येस बँकेला सावरण्यासाठीही सरकारी क्षेत्रातील स्टेट बँकच ६,०५० कोटी रुपये घेऊन पुढे आली. खासगी बँकांनीही भांडवल घातले, हे विसरता येणार नाही. १८ मार्च २०२० रोजी निर्बंध उठले.

ठेव विमा मात्र दोन्ही प्रकारच्या बँकांना सारखाच आहे: फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेतील ठेवींवर व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत.