गावाची यादी रिकामी दिसतेय? घाईत शेजारचं गाव निवडू नका

ऑनलाइन अर्ज भरताना जिल्हा निवडला की तालुके येतात, तालुका निवडला की गावं. ही गावं फॉर्ममध्ये आधीपासून भरलेली नसतात. राज्यात ३६ जिल्हे आणि ४० हजारांहून जास्त गावं आहेत. सगळी एकदम पाठवली तर मोबाईल अडकेल. म्हणून तालुका निवडल्यावर तेवढ्याच गावांची मागणी सर्व्हरकडे जाते. मध्येच रेंज गेली की रकाना रिकामा राहतो. अशा वेळी थोडं थांबून तालुका पुन्हा निवडा.

कधी जुनंच नाव दिसतं. त्याचं कारण वेगळं. जावामध्ये बनवलेल्या अनेक वेबसाइट ही यादी डेटाबेसमधून एकदा वाचून सर्व्हरच्या मेमरीत ठेवतात. याला कॅश म्हणतात. रोज गिरणीत न जाता आपण पिठाचा डबा भरून ठेवतो, तसंच. यामुळे शेवटच्या तारखेच्या गर्दीतही यादी लवकर येते. पण डेटाबेसमध्ये नाव बदललं, तरी कॅश ताजी होईपर्यंत जुनंच दिसतं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तशा बदलानंतर हे होऊ शकतं.

लक्षात ठेवा, बहुतेक फॉर्ममध्ये नावामागे कोड असतो आणि अर्जात तोच जातो. नाव जुनं असलं तरी गाव तेच असेल, तर सहसा कोडही तोच. पण बुद्रुकऐवजी खुर्द निवडलं, तर अर्ज दुसऱ्याच गावाच्या नावावर जातो. म्हणून सबमिट करण्याआधी गावाचं नाव सातबाऱ्याशी ताडून बघा.