कामठी मार्गावरील बहुमजली उन्नत मार्ग

नागपूर शहराच्या सदर भागातील एल्‌आय्‌सी चौकापासून उत्तरेस ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत कामठी रस्त्यावर बांधलेला सुमारे ५·६ किमी. लांबीचा उन्नत मार्ग. खांबांच्या एकाच रांगेवर पहिल्या मजल्यावर वाहनांचा उड्डाणपूल व त्याच्या वर मेट्रो रेल्वे, अशी त्याची रचना आहे. मेट्रोचा येथील भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर उड्डाणपूल ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाहतुकीस खुला करण्यात आला. गड्डीगोदाम येथे जमिनीवरील रस्ता, त्यावरील भारतीय रेल्वेची उत्तरेकडे जाणारी लोहमार्गिका, उड्डाणपूल व मेट्रो असे चार स्तर एकाच जागी आढळतात.

कामठी रस्ता मुळात लष्करी गरजेतून निर्माण झाला. १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसले दरबारावर इंग्रजांचा वचक बसला. फौज मात्र राजधानीत न ठेवता तेथून सुमारे १६ किमी. ईशान्येस कन्हान नदीकाठी ठेवण्याचे ठरले व १८२१ मध्ये कामठीची छावणी वसविण्यात आली. एका टोकास रेसिडेन्सी व दुसऱ्या टोकास छावणी असलेल्या या रस्त्याच्या कडेने पुढे दीडशे वर्षांत ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. दक्षिणेस सिव्हिल लाइन्स व सदर येथे प्रशस्त बंगले, सरकारी कचेऱ्या व कस्तुरचंद पार्कचे मोकळे मैदान आहे. लोहमार्ग ओलांडल्यावर इंदोऱ्याची दाट बौद्ध वस्ती, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची जरीपटका ही वसाहत आणि नारी परिसरातील नवी घरे लागतात. ऑटोमोटिव्ह चौकाभोवती मोटार दुरुस्तीचे व सुट्या भागांचे व्यवसाय एकवटले आहेत. लोहमार्गाखालून जाणारा गड्डीगोदामचा रस्ता हाच या दोन नागपुरांमधील मुख्य दरवाजा होता आणि तो कायम अपुरा पडे.

परस्परविरोधी वस्त्यांना एका उभ्या रचनेने जोडण्याचा प्रयत्न इतरत्र बहुधा गगनचुंबी इमारतींच्या द्वारे झाला. मुंबईत ताडदेव येथे झोपडपट्टीच्या जागेवर उभारलेले ‘इम्पीरियल’ हे जोडमनोरे २०१० मध्ये पूर्ण झाले. हाफीज काँट्रॅक्टर हे त्यांचे वास्तुविशारद होत. मूळ रहिवाशांचे पुनर्वसन स्वतंत्र इमारतींत करण्यात आले. अशा योजनांत मनोऱ्याचा माथा सर्वांना दिसतो. वस्त्यांमधील व्यवहार मात्र त्याच्या पायथ्याशी ठरतो; तेथे वाहनतळाची उंच भिंत उभी राहिली, तर मनोरा जोडण्याऐवजी विलग करतो. रस्ता व इमारत यांची सांगड घातल्याचे विख्यात उदाहरण जपानमधील ओसाका येथे आहे. १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘गेट टॉवर’ या सोळा मजली इमारतीच्या पाचव्या ते सातव्या मजल्यांमधून द्रुतगती मार्गाची उपशाखा जाते. मार्ग व इमारत यांची बांधकामे परस्परांस न टेकविता स्वतंत्र ठेवल्यामुळे वाहनांची कंपने इमारतीत शिरत नाहीत. कामठी रस्त्यावर मनोरा नाही. तरीही मर्यादित भूमीवर उपयोगांचे मजले रचणे हे तत्त्व येथे तेच आहे. आडव्या पडलेल्या बहुमजली इमारतीसारखा हा मार्ग दिसतो असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

रचना : रस्त्याच्या मधोमध खांबांची एकच रांग घेतल्याने उड्डाणपूल व मेट्रो यांसाठी दोन वेळा पाया खणावा लागला नाही व दोन्ही बाजूंची घरे-दुकाने पाडून जागा मिळविण्याची गरजही कमी झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण व महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळ या दोन संस्थांनी आपापले मार्ग एकाच सांगाड्यावर ठेवण्याचे मान्य केले, यास तांत्रिक बाबीइतकेच प्रशासकीय महत्त्व आहे. नागपुरात वर्धा रस्त्यावर असाच ३·१४ किमी. लांबीचा मार्ग आधी बांधण्यात आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची गिनीज विक्रमांत त्या वेळचा सर्वांत लांब दुमजली मेट्रो मार्ग म्हणून नोंद झाली.

एका खांबावर दोन मजले आले की खांबाचे काम अवघड होते. मेट्रोचा भार माथ्यावर केंद्रित असतो व गाडी थांबताना वा वेग घेताना आडवे बलही तेथेच लागू होते. त्यामुळे बुडाशी मोठे नमनपरिबल उत्पन्न होते. उड्डाणपुलाचा भार त्याखाली असून तो दोन्ही बाजूंस रुंद पसरलेला असतो. एका बाजूच्या मार्गिकांवर ट्रकांची रांग व दुसरी बाजू रिकामी, अशी स्थिती आली तर खांबास त्या बाजूकडे वाकविणारे नमनपरिबल सोसावे लागते. पुलाच्या रुंद तक्तपोशीसाठी येथे कणा व बरगड्या या पद्धतीचा अवलंब करण्यात आला. मध्यभागी पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पोकळ कणा असतो व त्याच्या दोन्ही बाजूंस आधीच तयार करून आणलेल्या बरगड्या जोडतात. कारखान्यात घडविलेले भाग जागेवर नेऊन जोडल्याने खालच्या रहदारीस अडथळा कमी होतो.

पायाचा विचार करताना येथील भूस्तर लक्षात घ्यावा लागतो. नागपूरचा पश्चिम भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टवर, तर पूर्व भाग मुख्यतः पट्टिताश्म व तत्सम प्राचीन खडकांवर वसला आहे. कामठीच्या परिसरात गोंडवनी संघाचा वालुकाश्म आढळतो. ‘कामठी थर’ हे नाव भूविज्ञानात याच गावावरून रूढ झाले आहे. वरील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून अवजड बांधकामाचा भार तिच्यावर न सोपविता स्थूणांच्या साहाय्याने खोलवरच्या टणक थरापर्यंत नेतात. भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार नागपूर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या, क्षेत्रात मोडते.

गड्डीगोदामची पोलादी तुळई : या मार्गाचा सर्वांत कठीण भाग लोहमार्गावरील आहे. खालून विद्युत्‌ तारांसह गाड्या धावत असल्याने रुळांच्या आवारात खांब रोवणे शक्य नव्हते व बांधकामासाठी दीर्घकाळ रेल्वे बंद ठेवणेही परवडणारे नव्हते. म्हणून सुमारे ८० मी. लांबीच्या एकाच गाळ्याने लोहमार्ग ओलांडणारी, सुमारे १,६५० टन वजनाची दुमजली पोलादी तुळई वापरण्यात आली. तिच्या खालच्या पातळीवरून मोटारी व वरच्या पातळीवरून मेट्रो जाते. असे अवजड काम रेल्वे वाहतूक थोड्या अवधीकरिता थांबवून, ज्यास रेल्वेच्या परिभाषेत ‘ब्लॉक’ म्हणतात, टप्प्याटप्प्याने पार पाडावे लागते.

नागपूरच्या हवामानाचाही येथे प्रत्यक्ष परिणाम होतो. हिवाळ्यात पारा १०° से.च्या खाली व मे महिन्यात ४५° से.च्या वर जातो. उन्हात पोलाद हवेपेक्षाही अधिक तापते. तापमानात केवळ ४०° से. फरक धरला, तरी ८० मी. लांबीची पोलादी तुळई सुमारे ३८ मिमी. लांबते-आखडते. या हालचालीस वाव देण्यासाठी एका टोकास सरकते आधार व प्रसरण सांधे ठेवावे लागतात. मेट्रोच्या रुळांवर त्याचा ताण येऊ न देणे हे आणखी नाजूक काम होय.

स्थानके व तळ : दुमजली मार्गाची एक अटळ किंमत उंचीच्या रूपाने द्यावी लागते. साध्या मेट्रो स्थानकात तिकीटगृह रस्त्याच्या वरच्या पहिल्याच मजल्यावर असते. येथे पहिला मजला महामार्गाने व्यापल्याने गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा व नारी रोड या स्थानकांच्या प्रवाशांना अधिक वर चढावे लागते. म्हणून उद्‌वाहक व सरकते जिने ही येथे चैन नसून गरज आहे. ते बंद पडल्यास वृद्ध, अपंग व ओझे घेतलेल्या प्रवाशांसाठी स्थानक जवळजवळ अस्तित्वातच राहत नाही.

उड्डाणपुलाने सदर व ऑटोमोटिव्ह चौक ही दोन टोके जोडली; मधल्या इंदोऱ्याला पुलावरून जाणाऱ्या वाहनाचा स्पर्श होत नाही. त्या वस्तीच्या दृष्टीने जोडणारा घटक स्थानक हा आहे आणि काही अंशी मोकळा झालेला खालचा रस्ता. दूरची वाहने वर गेल्याने तळावरची गर्दी कमी होते, पण खांबांमुळे रस्त्याची रुंदी घटते, दुकानांवर सावली पडते आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा मोजक्या उरतात. बांधकाम चालू असताना धूळ व अडथळेही प्रथम तळाच्याच वाट्यास येतात. अशा मार्गांच्या आराखड्यांत तक्तपोशीच्या तपशिलास जेवढी पाने मिळतात तेवढी पदपथ, ओलांडमार्ग व दिवाबत्ती यांना क्वचितच मिळतात. स्थानकाचे जिने रस्त्याच्या दोन्ही कडांना उतरविणे व तिकिटाविना आरपार जाता येईल अशी मोकळी वाट ठेवणे, ही या बाबतीत अल्प खर्चाची परंतु दूरगामी उपाययोजना होय.

कामठीकडील विस्तार : नागपूर मेट्रोच्या ४३·८ किमी. लांबीच्या दुसऱ्या टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यात ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीमार्गे कन्हानपर्यंतच्या सुमारे १३ किमी. मार्गाचा समावेश आहे. लेखा नगर, कँटोनमेंट, कामठी पोलीस ठाणे, कामठी नगर परिषद, ड्रॅगन पॅलेस इ. स्थानके त्यात योजिली आहेत.

नागपुरात जो विरोधाभास पाच-सहा किलोमीटरांत पसरला आहे, तो कामठीत अगदी लगतच्या रस्त्यांवर दिसतो. छावणीत सरळ रुंद रस्ते, जुनी झाडे व संचलनाची मैदाने असून ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स या पायदळ रेजिमेंटचे केंद्र येथे आहे. शेजारच्या शहरात विणकर व विडी कामगारांच्या दाट वस्त्या आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८७ हजार होती. विडी कामगारांना संघटित करणारे व ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक मानले जाणारे बाबू हरदास (१९०४–३९) कामठीचेच. १९९९ मध्ये येथे उभारलेल्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहारास देशविदेशांतून लोक भेट देतात. छावणीची जमीन संरक्षण खात्याच्या अखत्यारीत येते व तिचा कारभार २००६ च्या कटकमंडळ अधिनियमानुसार चालतो, तर शहराचा कारभार नगर परिषदेकडे आहे. त्यामुळे एकाच मार्गाच्या सलग खांबांसाठी दोन भिन्न यंत्रणांची परवानगी लागते. लष्करी आस्थापनांच्या आसपास बांधकामाच्या उंचीवर निर्बंध असतात. या भागात गगनचुंबी इमारती न उभ्या राहण्याच्या कारणांपैकी हे एक आहे. मार्गाच्या अखेरीस कन्हान नदी ओलांडावी लागते. पेंच व कोलार या नद्या कामठीजवळच तिला मिळत असल्याने पावसाळ्यात तिचे पात्र एकाएकी भरते आणि तेथील खांबांच्या पायांची खोली ठरविताना भाराबरोबरच प्रवाहाने होणारी तळाची धूपही हिशेबात धरावी लागते.