नाटकातले शूर, संसारातले शूर

आमच्या वऱ्हाडी माणसाला नाटकाचे वेड आहे, हे मी काही नव्याने सांगायला नको. 1905 साली मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान आमच्या अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांना मिळाला. विनोदाचे आणि नाटकाचे आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी वकिली केली ती अकोला, खामगाव या आमच्याच मुलखात. तेव्हा अमरावतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने नाटकावर तास घेताना थोडे रंगून जावे, यात नवल ते काय!

दरवर्षी संगीत नाटकाचा भाग शिकवताना मी एक हकीकत हमखास सांगत असे. तारीख 12 मार्च 1911. मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग. खाडिलकरांचे नवे नाटक, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. प्रेक्षक आतुर झालेले. आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा, असे जवळच्यांना वाटले. परंतु रसिकांचा विरस नको म्हणून बालगंधर्व रंगून उभे राहिले आणि गायले. नाटकातला धैर्यधर हा पराक्रमी सेनापती. पण त्या रात्री खरा धैर्यधर भामिनीच्या शालूत उभा होता, असे वाक्य मी टाकीत असे. वर्ग स्तब्ध होई. दोनचार मुलींचे डोळे पाणावत. तास संपल्याची घंटा होई आणि मी खडूचे हात झटकीत बाहेर पडे.

गेल्या वर्षी मात्र घंटा होण्यापूर्वीच तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. अंगाने किरकोळ, बोलायला धीट. म्हणाली, “सर, त्या रात्री त्या मुलीच्या आईजवळ कोण होतं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. “बसा,” एवढेच मी म्हणालो.

त्या प्रश्नाने मला इतके का लागावे, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. 2001 साली मी अमरावतीस एम.ए.ला होतो. घर अकोल्यास. स्नेहसंमेलनात ‘एकच प्याला’तला प्रवेश बसविला होता आणि मी सुधाकर. गडकऱ्यांचे ते नाटक रंगभूमीवर आले फेब्रुवारी 1919 मध्ये. पण जानेवारीतच गडकरी आमच्या विदर्भातल्या सावनेरला वारले होते. वय अवघे तेहतीस. आजाराने खंगलेल्या त्या माणसाने ‘भावबंधन’ पुरे केले ते मृत्यू अगदी उशाशी आलेला असताना. आपली सिंधू बालगंधर्वांनी कशी उभी केली, हे पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते. असल्या गोष्टी ऐकून आम्ही पोरे भारलेली होतो.

दुपारी वसतिगृहावर फोन आला. आईला जास्त झाले आहे, निघून ये. बडनेऱ्याहून अकोला ते किती दूर? गाडीने दोन तासांचाही रस्ता नाही. पण रात्री प्रयोग होता. मी स्वतःशी म्हटले, बालगंधर्व काय निघून गेले होते? मी थांबलो. प्रयोग चांगला झाला. पारितोषिकही मिळाले. पहाटे अकोल्याच्या स्टेशनावर उतरलो, तेव्हा ते माझ्या पिशवीतच होते. दारात मावशी उभी होती. रागावली नाही ती. एवढेच म्हणाली, “रात्रभर तुलेच विचारत होती, बाळा.”

पुढे वीसबावीस वर्षे मी वर्गात बालगंधर्वांची हकीकत सांगत राहिलो. मुलांना वाटे, सर कलेवरची निष्ठा शिकवताहेत. खरे म्हणजे मी दरवर्षी माझ्याच खटल्यात माझी वकिली करीत होतो. आणि त्या किरकोळ पोरीने साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारला होता.

त्यानंतर मी ही जुनी चरित्रे नव्या नजरेने चाळू लागलो. मौज अशी, की या मंडळींचे खरे मोठेपण मला एका रात्रीच्या प्रसंगात फारसे सापडले नाही. ते सापडले रोजच्या चिवटपणात. आमच्या अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचेच पाहा. 1913 साली त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातली केशवराव भोसल्यांची मृणालिनी गाजली. 1927 साली ‘रणदुंदुभि’ आले. त्यातली मास्टर दीनानाथांची पदे पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ओठांवर राहिली. पण वामनरावांनी स्वातंत्र्याची भाषा केवळ पात्रांच्या तोंडी घालून हात धुतले नाहीत. ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ हे पत्र चालविले, चळवळीत पडले, पुनःपुन्हा तुरुंग सोसला. पात्राने बोलायचे आणि लेखकाने भोगायचे, असा त्यांचा हिशेब. ‘वीर’ ही पदवी लोकांनी त्यांच्या नावामागे लावली ती उगीच नव्हे.

तसेच केशवराव. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन नामांकित मंडळ्यांचे हे दोन मालक, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. देशासाठी एका रंगमंचावर आले. मान बाजूला ठेवणे हे शौर्य काय लहान? त्यानंतर तीन महिन्यांतच, 4 ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. एकतिशीच काय ती उलटली होती. दीनानाथांची गोष्ट आणखी करुण. पडती कंपनी सावरता सावरता ते 1942 साली गेले, तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडली होती. कर्ज, आजार, लहान लेकरे. या रणात दुंदुभी वाजत नाही आणि टाळ्याही पडत नाहीत.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या संमेलनात ‘रणदुंदुभि’तला प्रवेश करायचे ठरले. आपल्या गावच्या नाटककाराचे गावातल्या मुलांना नावही ठाऊक नसावे, याची मला खंत होती. दीनानाथांची तेजस्विनीची भूमिका आली त्याच तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे. महिनाभर तालीम केली. पोरीचा आवाज असा, की तालमीला चहा घेऊन येणारा पोऱ्या किटली तशीच धरून उभा राही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी ती माझ्या घरी आली. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. वडिलांना रात्री अकोल्याच्या दवाखान्यात नेले होते; छातीत दुखत होते. “सर, काय करू?” एवढेच म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी 1911 सालची हकीकत सांगेन, असे तिला वाटत होते की काय, कोणास ठाऊक. माझ्या पत्नीने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि तीही माझ्याकडे पाहू लागली.

मी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली. “चल बेटा, बडनेऱ्याला सोडतो. आत्ता गाडी आहे.”

“अन् तेजस्विनी?”

“तेजस्विनी थांबेल. वडिलांजवळ तू पाहिजेस.”

वाटेत दोघेही बोललो नाही. गाडी सुटली, तेव्हा तिने खिडकीतून हात हलवला. आणि फलाटावर मी एकटाच बराच वेळ उभा राहिलो. त्या गाडीत दुसरेही कोणीतरी बसून अकोल्यास निघाले होते, वीसबावीस वर्षे उशिरा.

संध्याकाळी दुसऱ्या एका मुलीने हातात वही धरून तेजस्विनीची भाषणे वाचली. पदे गाळली. प्रयोग बेताचा झाला. “एवढी तयारी करून असं करायचं होतं, तर मग…” असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. वाक्य त्यांनी पुरे केले नाही, मीही करायला लावले नाही. चौथ्या दिवशी पोरीचा फोन आला. वडील घरी आले होते. ते आले नसते तरी मी दिलेला सल्ला चुकला असता, असे मला वाटत नाही.

बालगंधर्वांची हकीकत मी अजूनही वर्गात सांगतो. त्यांच्या दुःखाचा न्याय करणारा मी कोण? लाखो रसिकांचा तो माणूस. आपले दुःख गिळून तो उभा राहिला, ही गोष्ट खरी आणि मोठीच. मात्र आता हकीकत संपली की मी घंटेची वाट पाहत नाही. खडू खाली ठेवतो आणि मुलांना विचारतो, “त्या रात्री त्या मुलीच्या आईजवळ कोण होतं?” वर्ग पूर्वीसारखाच स्तब्ध होतो. फरक इतकाच, की आता त्या स्तब्धतेत मीही मुलांबरोबर बसलेला असतो.