सुईने नाक सरळ होतं का?

मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून विहाराबाहेर चपला घालत होते, तेवढ्यात वस्तीतल्या एक बाई जवळ आल्या. हातात मोबाईल. त्यावर जाहिरात : ऑपरेशन नाही, टाके नाहीत, १५ मिनिटांत नाक सरळ, फक्त ४ हजार रुपये. पत्ता स्टेशनजवळच्या एका पार्लरचा.

"ताई, हे खरं असतं का हो? पोरगी हट्टाला पेटलीय."

पोरगी २३ वर्षांची. बी.कॉम. झालेली, कपड्यांच्या दुकानात कॅशवर बसते. पाहायला आलेल्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि दोन दिवसांनी निरोप पाठवला : मुलगी चांगली आहे, पण नाक बसकं आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण आपल्या घरांतही अजून हसत हसत म्हटली जाते; जिचं नाक तसं असतं तिला हसू येत नाही. मुलीने भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. त्यानंतर आणखी दोघीतिघींनी हेच विचारलं, म्हणून या वेळचं पान या विषयाला दिलं आहे.

आधी हे काम होतं कसं ते पाहू. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा आणि खालचा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. ऑपरेशनमध्ये हे हाड आणि कूर्चा कापून, तासून, जोडून नाकाचा आकार बदलतात. सुईच्या उपायात हाडाला हात लावत नाहीत. कातडीखाली एक दाट जेल भरतात, त्याला फिलर म्हणतात. सर्वांत जास्त वापरात असलेलं फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. ॲसिड म्हटलं की आपल्याला बाटलीतलं जाळणारं ॲसिड आठवतं, पण हे तसलं नाही. आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांतही ते मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. कारखान्यात जंतूंकडून ते तयार करून घेतात आणि लवकर विरघळू नये म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंफतात.

डॉक्टर आधी समोरून आणि बाजूने फोटो काढतात, बधिर करणारं मलम लावतात, कातडी जंतुनाशकाने पुसतात. मग बारीक सुईने किंवा बोथट टोकाच्या नळीने नाकाच्या कण्यावर, अगदी हाडाला लागून, थेंब थेंब जेल सोडतात आणि बोटाने दाबून आकार देतात. सगळं मिळून अर्धा ते एक मिली जेल पुरतं. वेळ खरोखरच १५ ते ३० मिनिटं लागतो, तेवढं जाहिरात खोटं बोलत नाही. थोडी सूज, कधी काळंनिळं होणं, हे चार-आठ दिवसांत जातं. काही दिवस चष्म्याचा दाब नाकावर येऊ द्यायचा नसतो. परिणाम साधारण नऊ महिने ते दीड वर्ष टिकतो. मग जेल विरत जातं आणि नाक मूळपदावर येतं, म्हणजे पुन्हा सुई आणि पुन्हा पैसे.

जाहिरात जे सांगत नाही ते असं : फिलर फक्त भरतं, काढत काहीच नाही. मार लागून नाकावर खड्डा पडला असेल तर तो भरता येतो. कणा बसका असेल तर उंच करता येतो. मध्ये उंचवटा असेल तर त्याच्या वर आणि खाली भरून तो झाकता येतो. टोक किंचित वर उचललेलं दिसू शकतं. पण मोठं नाक लहान होत नाही आणि रुंद नाकपुड्या अरुंद होत नाहीत. कणा उंच झाल्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत नाक बारीक भासतं, एवढंच. नाक चोंदत असेल, आतला पडदा वाकडा असेल, तर सुईने श्वास मोकळा होत नाही. शिवाय दरवर्षी भरत राहिलं तर जेल बाजूला पसरतं आणि नाक उलट जाड दिसू लागतं.

आता धोक्याकडे येते. हे पान लिहायला घेतलं ते खरं तर याच्यासाठी.

चेहऱ्यावर फिलर भरायच्या ज्या जागा आहेत त्यांत नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची. कारण रक्तवाहिन्यांची रचना. नाकाच्या कण्यावरून जी बारीक धमनी उतरते, ती डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीचीच शेवटची फांदी असते. सुईचं टोक चुकून त्या धमनीत गेलं आणि दट्ट्या जोरात दाबला गेला, तर जेल रक्ताच्या उलट दिशेने मागे, डोळ्याच्या मुख्य धमनीपर्यंत ढकललं जातं. दट्ट्यावरचा जोर सुटला की रक्ताचा प्रवाह त्याला पुढे नेतो, आणि ते डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत जाऊन अडकतं. इतका अनर्थ व्हायला ०.१ मिलीपेक्षाही कमी जेल पुरतं. माणूस खुर्चीवर बसलेला असतानाच त्या डोळ्यापुढे अंधार येतो. कधी जेल मेंदूच्या रक्तवाहिनीतही जातं आणि अर्धांगवायू होतो.

२०१५ साली डॉक्टरांनी जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिलरमुळे दृष्टी गेल्याचे रुग्ण शोधले, तेव्हा ९८ सापडले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत रुग्णाच्याच अंगातली चरबी काढून भरलेली होती. २०१९ साली पुन्हा पाहिलं, तर आणखी ४८ नव्या नोंदी मिळाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त नाकात सुई घेतलेल्यांच्या होत्या. फिलर घेणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, त्या मानाने हे आकडे लहान आहेत, हे कबूल करायला हवं. पण हे छापून आलेले रुग्ण आहेत, न छापलेले वेगळे. आणि गेलेली नजर बहुतेकांची परत आली नाही.

दुसरा धोका कातडीचा. नाकाच्या टोकाकडे जाणारी रक्तवाहिनी जेलने अडली किंवा बाहेरून दाबली गेली की तिथली कातडी उपाशी पडते. आधी पांढरी फटक होते, मग जाळीसारखी जांभळट. दोन-तीन दिवसांनी त्यावर पुटकुळ्या येतात. पुष्कळ जण त्याला साधं पुरळ समजून मलम लावत बसतात. तोवर कातडी काळी पडून मरते आणि नाकावर कायमचा व्रण राहतो. ज्यांच्या नाकाचं आधी ऑपरेशन झालं आहे, त्यांना हा धोका जास्त, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या वाटा बदललेल्या असतात.

नाकाचा जीव रक्तपुरवठ्यात आहे, हे आपल्याकडच्या कारागिरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. भुवयांमध्ये कातडीचा एक पट्टा त्याने जोडलेलाच ठेवला, म्हणजे रक्त वाहत राहील. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात याचं वर्णन चित्रासह छापून आलं आणि विलायतेतल्या सर्जनांनी ही रीत उचलली. ज्या रक्तवाहिनीच्या जोरावर ते नाक जगलं, ती भुवयांमधून जाते. आज फिलरची सुई त्याच भागात घात करते. त्या कारागिराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. आपल्या वाचकांना याचं नवल वाटू नये.

नाकात काहीतरी भरून ते सुंदर करण्याची हौसही नवी नाही. १९०० च्या सुमाराला युरोपात नाकात पातळ केलेलं मेण टोचत असत. ग्लॅडिस डीकन नावाच्या एका श्रीमंत, अत्यंत देखण्या तरुणीने नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ व्हावं म्हणून ते टोचून घेतलं. मेण पुढे खाली घसरलं आणि चेहरा कायमचा बिघडला. मेणाची जागा आता स्वस्त पार्लरमध्ये लेबल नसलेल्या सिलिकॉनने घेतली आहे. हायलुरॉनिक ॲसिडची एक जमेची बाजू आहे : काही बिघडलं तर हायलुरॉनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन ते विरघळवता येतं. सिलिकॉनला असा उतारा नाही. म्हणून ४ हजारांचा भाव ऐकला की मला पहिला प्रश्न पडतो तो सिरिंजमध्ये काय आहे हा. नामांकित कंपनीच्या फिलरची एक सिरिंजच बहुधा त्याहून महाग असते. सुईशिवाय, नुसत्या दाबाने जेल आत मारणारं पेनही हल्ली मिळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्याच प्रशासनाने फिलरला जिथे जिथे मान्यता दिली, त्या जागांत नाक नाही, आणि वयाची अट २२ वर्षांपुढची आहे.

त्या बाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं बरोबर, पण नाक तर तिचं बसकंच आहे ना?" या वाक्याने मी जरा गप्प झाले.

बसकं नाक हा दोष आहे, असं कोणी ठरवलं? इंग्रजांच्या काळात हर्बर्ट रिस्ले नावाचे अधिकारी होते, १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख. लोकांची नाकं मोजून त्यांनी सिद्धांत मांडला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. नाकाची रुंदी भागिले लांबी, असा त्याचा हिशोब असे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हीच नाकांची मापं घेतली, प्रांताप्रांतातली ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापं शेजारी ठेवली आणि दाखवून दिलं की दोघे एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही, हे त्यांनी नाकाच्याच मापाने सिद्ध केलं. त्याच्याही कितीतरी आधी सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी दोन तरुण ब्राह्मणांना सांगितलं होतं की गवत, किडे, मासे, पक्षी यांच्यात जातीच्या खुणा अंगावर दिसतात, पण माणसांत केस, कान, डोळे, नाक, ओठ यांत तशी खूण नाही. पोहे खाऊन नाकाचं माप काढणारे पाहुणे आपल्याच समाजातले होते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तरीही कोणी स्वतःच्या खुशीने, सगळं समजून हे करून घेणार असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही. मार लागून नाक चेपलेल्या मुलीला आरशात बरं वाटणं ही छोटी गोष्ट नव्हे. मग निदान एवढं पाहा. सुई धरणारा नोंदणीकृत डॉक्टर हवा, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. पार्लरचा कोर्स चालत नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो लिहून घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. खोका तुमच्यासमोर फोडला पाहिजे, आणि त्यावरचं नाव, बॅच क्रमांक व मुदतीचं स्टिकर घरी आणा. हायलुरॉनिडेज आत्ता, इथे, कपाटात आहे का, हे विचारा. उत्तर देताना डॉक्टर चिडले तर उठून या. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, चेहऱ्यावर फोड किंवा जंतुसंसर्ग असलेली व्यक्ती यांनी हे करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीचं ऑपरेशन, आधी घेतलेली कसलीही सुई, यातलं काही लपवू नका.

सुई घेताना किंवा नंतर असह्य दुखलं, कातडी पांढरी किंवा जाळीदार जांभळी पडली, तर बर्फ लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. त्याच तासाला डॉक्टरकडे परत जा. दिसायला अंधुक झालं, पापणी पडली, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. डोळ्याचा पडदा रक्ताशिवाय तास-दीड तासच तग धरतो. डोळ्यांचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा आणि फिलरचं स्टिकर सोबत न्या.

आणखी एक, जे आपल्याला फार उशिरा कळतं. अपघाताने मोडलेलं नाक, जन्मतः फाटलेला ओठ आणि त्यासोबत वाकडं झालेलं नाक, यावर सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ऑपरेशन होतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. नाक चोंदतं, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, तर तिथेच कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढा.

त्या मुलीला मी नंतर भेटले. बोलता बोलता कळलं की तिची डावी नाकपुडी लहानपणापासून बंद असते. घरात कोणी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या सोमवारी मायलेकी नायरच्या ओपीडीत जाणार आहेत. सुईचं काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "वर्षावास संपू दे, मग बघते. आणि ताई, त्या पाहुण्यांना मीच नको म्हणून कळवलंय."