नकाशावर चौकटी आखूया : "आम्ही नेमके कुठे आहोत" हे सांगता यावं म्हणून



उन्हाळा सुरू झाला की आपल्यापैकी बऱ्याच घरांत देशातून आई-बाबा येतात. आपण ऑफिसात, मुलं शाळेत, आणि ही मंडळी दुपारी कॅशिओबरी पार्कातून थेट ग्रँड युनियन कालव्याच्या कडेने फिरायला निघतात. हवा छान, बदकं, बोटी, सगळं मस्त. पण वाटेत कोणाचा पाय मुरगळला किंवा चक्कर आली तर फोनवर जागा कशी सांगणार? पोस्टकोड घरांना असतो, कालव्याकाठच्या पायवाटेला नसतो. "एका पुलाजवळ, झाडी आहे" एवढ्यावर अँब्युलन्सने शोधायचं म्हटलं तर अवघडच.

यावर या देशात एक जुना आणि पक्का उपाय आहे. तो म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेची नॅशनल ग्रिड. दोन अक्षरं आणि सहा आकडे सांगितले की १०० मीटरच्या चौकोनापर्यंत जागा ठरते. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या आजी-आजोबांनाही एवढं नक्की सांगता येतं. त्यासाठी हातात चौकटी आखलेला नकाशा हवा, आणि असा नकाशा घरच्या घरी फुकटात कसा करायचा ते आज बघू.

ग्रिड म्हणजे काय?

शाळेत आपण अक्षांश-रेखांश शिकलो. ते गोल पृथ्वीवरचे, आणि मोजायचे अंशांत. ग्रिड म्हणजे सपाट कागदावर मीटरमध्ये आखलेले सरळ चौकोन, अगदी आलेखाच्या वहीसारखे. नॅशनल ग्रिडमध्ये ब्रिटनचे १०० किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला दोन अक्षरं दिली आहेत. आपलं वॉटफर्ड 'टीक्यू' या चौकोनात आहे, तेही त्याच्या वरच्या काठाला. ॲबट्स लँग्लीला गेलात की 'टीएल' लागतो. सेंट अल्बन्सही 'टीएल'मध्येच. म्हणून अक्षरं कधी गाळायची नाहीत. नुसते आकडे दर १०० किलोमीटरवर पुन्हा तेच येतात!

वाचायचा नियम सोपा : आधी ओसरीवर चाला, मग जिना चढा. म्हणजे आधी डावीकडून उजवीकडे, मग खालून वर. 'टीक्यू ११५ ९६५' याचा अर्थ असा : ११ नंबरच्या उभ्या रेषेपासून उजवीकडे पाच दशांश, आणि ९६ नंबरच्या आडव्या रेषेपासून वर पाच दशांश. ही जागा आपल्या वॉटफर्ड गावातलीच आहे.

आता कामाला लागू

मी यासाठी क्यूजीआयएस वापरतो. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मेनूंची नावं मुद्दाम पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत.

१. डावीकडच्या ब्राउझर पॅनेलमध्ये 'एक्सवायझेड टाइल्स'खाली 'ओपनस्ट्रीटमॅप' असतं. त्यावर डबल-क्लिक करा आणि नकाशा मोठा करत वॉटफर्डवर या. (ऑर्डनन्स सर्व्हेनेही २०१० पासून आपले काही नकाशे मोफत खुले केले आहेत, तेही चालतील.)

२. खाली उजव्या कोपऱ्यात 'ईपीएसजी' आणि एक आकडा दिसेल. त्यावर क्लिक करून २७७०० निवडा. ही ब्रिटिश नॅशनल ग्रिड. ही पायरी अजिबात वगळू नका, कारण पुढे सांगतो.

३. 'प्रोजेक्ट' मेनूतून 'न्यू प्रिंट लेआउट' उघडा, 'ॲड मॅप' घेऊन कागदावर चौकोन ओढा. 'आयटम प्रॉपर्टीज'मध्ये स्केल २५००० द्या. म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर हे जमिनीवरचा १ किलोमीटर. आडव्या ए-फोर कागदावर साधारण ७ बाय ५ किलोमीटरचा परिसर बसतो.

४. त्याच यादीत खाली 'ग्रिड्स' आहे. हिरवं अधिक चिन्ह दाबा, मग 'मॉडिफाय ग्रिड'. सीआरएस २७७०० ठेवा, आणि 'इंटरव्हल'मध्ये एक्स आणि वाय दोन्हींना १००० लिहा. लगेच एक-एक किलोमीटरच्या चौकटी उमटतील. रेषेचा रंग फिकट निळा ठेवा, नाहीतर खालच्या वाटाच दिसणार नाहीत.

५. 'ड्रॉ कोऑर्डिनेट्स'वर टिक करा, दशांश शून्य ठेवा. कडेला ५११०००, १९६००० असे आकडे येतील. पहिला आकडा आणि शेवटची तीन शून्यं सोडली की उरतात ११ आणि ९६. हेच आपल्या कामाचे, ते ठळक पेनाने लिहून टाका. जवळच अक्षरंही लिहा : आडवी रेषा २००००० च्या खाली असेल तर टीक्यू, वर असेल तर टीएल.

६. 'ओपनस्ट्रीटमॅप'चा श्रेयोल्लेख कोपऱ्यात टाका आणि पीडीएफ काढा. छापताना 'फिट टू पेज' नको, 'ॲक्च्युअल साइझ' हवं. छापून झाल्यावर पट्टी लावा. चौकट बरोबर ४ सेंटिमीटर भरली पाहिजे.

दुसरी पायरी इतकी महत्त्वाची का?

इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे 'वेब मर्केटर' पद्धतीचे असतात, क्रमांक ३८५७. त्यातही एकक मीटरच लिहिलेलं असतं, पण विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसा हा मीटर ताणला जातो. वॉटफर्डच्या अक्षांशावर त्या नकाशातले १००० म्हणजे जमिनीवरचे जेमतेम ६२० मीटर! पुण्यात हाच फरक फक्त पाच टक्क्यांचा. चौकटी दिसतात सुबक, पण खोट्या. आणि कडेचे आकडे नॅशनल ग्रिडचे नसल्यामुळे ते फोनवर सांगून काहीच उपयोग नाही.

दुसरी गंमत 'डेटम'ची. पृथ्वीचा आकार नेमका कसा धरायचा याचं हे गणित. जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' वापरतं. ऑर्डनन्स सर्व्हे एअरी यांनी १८३० साली मांडलेली आकृती धरतो. म्हणून त्याच जागेच्या अक्षांश-रेखांशांत आपल्याकडे शंभर मीटरहून थोडा जास्त फरक पडतो. कालव्याकाठी शंभर मीटर म्हणजे कदाचित पलीकडचा काठ, आणि पूल कुठेतरी लांब. क्यूजीआयएस हे रूपांतर आपणहून करतं. फक्त त्याने पर्याय विचारले तर सर्वांत अचूक असेल तो निवडा.

आणखी एक. ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर एकच नसते. ग्रिडची मधली रेषा २ अंश पश्चिमेवर आहे, आपण तिच्या बरेच पूर्वेला. म्हणून वॉटफर्डला ग्रिड सुमारे सव्वा अंश कलते. फिरायला त्याने काही बिघडत नाही, पण मुलं स्काउट्समध्ये असतील तर हा प्रश्न नक्की विचारतील!

आणि आपल्या गावाचा नकाशा?

तोही असाच करता येतो. संपूर्ण महाराष्ट्र दाखवायचा असेल तर ग्रिडचा सीआरएस ४३२६ आणि इंटरव्हल १ द्या. इथे एकक अंश आहे. चुकून १००० लिहिलंत तर एकही रेषा दिसणार नाही. तालुक्याचा किंवा गावाचा मीटरमधला नकाशा हवा असेल तर यूटीएम वापरा. यात ७८ अंश रेखांशावर महाराष्ट्राचे दोन भाग पडतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, अमरावती ४३व्या पट्ट्यात (क्रमांक ३२६४३), तर यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर ४४व्यात (३२६४४). सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटमागेही अशाच चौकटी आहेत. ४७ क्रमांकाच्या मोठ्या चौकोनाचे १६ भाग, त्यातल्या 'एफ'चे पुन्हा १६, आणि त्यातला चौदावा म्हणजे पुणे शहराचा '४७ एफ/१४'. मुलांना आजोळ नकाशावर शोधायला लावा, भूगोल आपोआप होतो.

तर मंडळी, आई-बाबा येण्याआधी एक संध्याकाळ काढा. नकाशा छापा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला, आणि पहिल्या रविवारी त्यांच्याबरोबर चालत प्रत्येक पुलापाशी थांबून आकडे वाचायला लावा. नकाशाच्या मागे मोठ्या अक्षरांत ९९९ आणि तुमचा मोबाईल नंबर लिहायला विसरू नका. क्यूजीआयएसमध्ये कुठे अडलात तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन या, चहा घेता घेता सोडवू!