ओट्याचा हिशेब : यवतमाळ जिल्ह्यात स्वयंपाकघर नव्याने करताना

दुकानाच्या खतावणीत पै-पैचा मेळ घालणारी घरेही स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक सर्वांत शेवटी करतात. आधी कपाटांचा रंग ठरतो, मग पैशांचा विचार. वास्तविक यवतमाळ जिल्ह्यात हा खर्च ठरतो तो माल कोठून येतो आणि काम कोणत्या महिन्यात निघते यावर.

सिमेंटच्या बाबतीत जिल्हा सुदैवी. वणी-मुकुटबन पट्ट्यात चुनखडी आहे, मुकुटबनला कारखाना आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. परंतु स्वयंपाकघरात सिमेंट लागते किती? मोठा खर्च फरशी, दगड आणि कपाटांचा. फरशी मोरबीची, कोटा राजस्थानचा, कडप्पा आंध्रचा. पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ जवळ, पुसद-उमरखेडला आडवळण. दहा-वीस पेट्यांसाठी खास मागणी नोंदवण्यापेक्षा व्यापाऱ्याच्या गोदामातील मालातून निवड केलेली बरी. भाडे वाचते, आणि एखादी फरशी फुटली तर जोडीची मिळते.

महिन्याचा प्रश्न अधिक अवघड. पावसाळ्यात नदीपात्रातील रेतीचा उपसा बंद असतो, भाव चढतात. शिवाय तो चातुर्मासाचा काळ. जीवोत्पत्ती अधिक, पर्युषणात चौका सतत चालू. तेव्हा खोदकाम नकोच. दसऱ्यानंतर मजूर कापूस वेचणीला जातात. उन्हाळ्यात मजूर मिळतात, पण बांधकामाला पाणी कोठून आणावे? २०१८ चा यवतमाळचा उन्हाळा, निळोणा आणि चापडोहचे आटलेले जलाशय, कोणी विसरलेले नाही. उरतात ते जानेवारी-फेब्रुवारी. नेमके तेव्हा कापूस-तुरीच्या व्यापारात भांडवल अडकलेले असते. म्हणून ही रक्कम दिवाळीलाच वेगळी काढून ठेवणे श्रेयस्कर. दुकानाच्या खेळत्या भांडवलातून ओटा बांधणे म्हणजे हंगामातील खरेदीला कात्री लावणे होय.

जैन गृहिणीचा दिवस सूर्यास्तापूर्वी आटोपतो. त्यामुळे पश्चिमेची खिडकी महागड्या दिव्यांपेक्षा अधिक कामाची. पाणी गाळण्यासाठी आणि गाळलेली भांडी ठेवण्यासाठी स्वतंत्र जागा हवी, पण ती मोरीच्या जुन्या नळाजवळच असावी. नळ आणि सांडपाण्याची वाट हलवली की भिंत, जमीन, फरशी सारेच फुटते; अंदाजपत्रक बहुधा येथेच कोसळते.

कपाटांबाबत थोडे थांबून विचार करावा. ओलसर भिंतीशी साध्या प्लायला वाळवी लागते, आणि मग औषध फवारण्याची वेळ अहिंसा पाळणाऱ्या घरावर येते. ओट्याखाली विटांच्या आडभिंती, कडप्प्याच्या फळ्या आणि अॅल्युमिनियमची दारे हा जुना मार्ग स्वस्तही आहे आणि निर्दोषही. प्लायच घ्यायचा तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहावा.

दरपत्रके वाचताना मोजमापाकडे लक्ष असावे. एक कारागीर दारांच्या चौरस फुटांवर दर सांगतो, दुसरा ओट्याच्या लांबीवर; बिजागऱ्या, जाळ्या, सरकते खण अनेकदा वेगळे. ग्रॅनाइटची लादी कापून उरलेला तुकडाही ग्राहकाच्याच हिशेबात धरला जातो. जुन्या मातीच्या जुडाईच्या भिंती उघडल्यावर काय निघेल हे मिस्त्रीही सांगू शकत नाही. म्हणून चार लाखांचे काम असेल तर साठ हजार बाजूला ठेवूनच उरलेल्या रकमेत कपाटे निवडावीत.