सहा वर्षांच्या आतले मूल आणि घरची शाळा



दरवर्षी निकाल लागले की आपल्याकडे गुणगौरव समारंभ होतो. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना वह्या, पेन आणि पुष्पगुच्छ देऊन आपण त्यांचे कौतुक करतो. ते केलेच पाहिजे. परंतु जी मुले दहावीपर्यंत पोहोचलीच नाहीत ती नेमकी कोठे मागे पडली, याचा शोध आपण फारसा घेत नाही. आम्हा शिकवणाऱ्या मंडळींचा अनुभव असा की, पुष्कळ मुले पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवतात त्याच दिवशी मागे असतात. शेजारच्या मुलाने घरी पुस्तके हाताळलेली असतात, गोष्टी ऐकलेल्या असतात. आपल्या मुलाला पुस्तक कोणत्या बाजूने उघडायचे हेच ठाऊक नसते. हा बुद्धीचा फरक नव्हे, तयारीचा फरक आहे. ही तयारी पहिल्या सहा वर्षांत आणि मुख्यतः घरात होते. म्हणून या लेखात आम्ही घरच्या शाळेविषयी लिहीत आहोत.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांच्या आत करावा, असे म्हटले होते. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'शिक्षण' ऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असे शब्द घालावेत अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आतील मुलांसाठी मात्र कलम ४५ हे मार्गदर्शक तत्त्वच राहिले. म्हणजे थोरल्याला हक्क आहे, धाकट्यासाठी राज्याने प्रयत्न करायचा आहे. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु अंगणवाडीत मूल दिवसातले काही तास असते, बाकीचा सारा दिवस ते आपल्यापाशी असते.

अंगणवाडी या शब्दामागचा इतिहास आपण जाणून घेण्यासारखा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्या काळी बालशिक्षण हे शहरातील सुखवस्तू घरांपुरते होते, कारण मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. गोरगरिबांची मुले ठरलेल्या जागी बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच तिथली साधने झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही चालली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा या साऱ्याचा अर्थ आहे. आपण तर मुलाच्या घरातच आहोत. मग आपल्याला अडचण कसली?

अडचण आहे ती आपल्या समजुतीची. 'शिकवणे म्हणजे अक्षरे गिरवून घेणे' असे आपण धरून चालतो. आमचीही हीच चूक झाली. सुरुवातीला आम्ही वस्तीत पाट्या आणि मुळाक्षरांचे तक्ते वाटले. तीन वर्षांच्या मुलांचे हात धरून अ, आ गिरवून घेतले. मुले रडू लागली, आयांनी धपाटे घातले आणि महिन्याभरात पाट्या कोनाड्यात गेल्या. एवढ्या लहान मुलाच्या बोटांत पेन्सिल पेलण्याची ताकद आलेली नसते. ती माती मळून, शेंगा सोलून, कागद फाडून येते. चूक मुलांची नव्हती आणि आयांचीही नव्हती, ती आमची होती. त्यानंतर आम्ही तीन गोष्टी धरल्या. पुस्तक, गाणे आणि खेळ.

पुस्तक. लहान मुलाला पुस्तक 'वाचून' दाखवलेच पाहिजे असे नाही. मांडीवर घेऊन चित्रे दाखवावीत आणि विचारावे : हे काय करतेय? ही का रडतेय? पुढे काय होईल? मूल जे सांगेल ते ऐकावे आणि त्यात दोन शब्दांची भर घालावी. ज्या आईला अक्षरओळख नाही तिलाही हे करता येते. यातून मुलाला कळते की पान उलटले की गोष्ट पुढे जाते, ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि कागदावरच्या काळ्या खुणांत बोलणे साठवलेले असते. वाचनाचा पाया हाच. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' सारखी मराठी चित्रपुस्तके यासाठी फार उपयोगी आहेत. घरात दहा पुस्तके नसली तरी चालेल, एकच पुस्तक वीस वेळा पाहिले तरी मुलाला कंटाळा येत नाही. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी राजगृह उभारले. आपण निदान मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर एक फळी ठोकू या.

गाणे. बडबडगीत म्हणजे केवळ करमणूक नव्हे. गाण्यात शब्द तुटतात, जुळतात, शेवटी सारखा आवाज येतो आणि टाळीबरोबर शब्दाचे तुकडे कानाला कळतात. 'भा-क-री' अशा तीन टाळ्या वाजवणारे मूल उद्या हा शब्द लिहिताना तीन आवाज शोधते. कान तयार झाल्यावर डोळ्यांना अक्षर सोपे जाते. गाणी कोठून आणायची, असे विचारण्याचे कारण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बाबासाहेबांवरच्या आणि रमाईवरच्या ओव्याही त्यांत आहेत. ज्या बायकांना आपण निरक्षर म्हणतो त्यांनीच हे रचले. घरात आजी असेल तर तिच्यापाशी नातवंडाला बसवावे, यापेक्षा मोठी संगीतशाळा नाही.

खेळ. मूल काडी हातात घेऊन 'हे माझं उलथनं' म्हणते, तेव्हा ते फार मोठी गोष्ट करीत असते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी मानायची, हे ते शिकते. अक्षर तरी दुसरे काय आहे? 'क' ही एक खूण, ती आपण एका आवाजाच्या जागी मानतो. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी खेळातील या मानण्याचा आणि लेखनाचा संबंध दाखवून दिला आहे. तेव्हा 'नुसतं खेळतंय' असे म्हणून मुलाला उठवू नये.

या तिन्ही गोष्टी एका विषयाभोवती गुंफल्या की मुलाच्या मनात पक्क्या बसतात. एक आठवडा, एक विषय. उदाहरणादाखल 'भाकरी' घेऊ. पहिल्या दिवशी ज्वारी आणि बाजरीचे दाणे हातात देऊन रंग, आकार, वास बोलायचा. दुसऱ्या दिवशी कणसापासून पिठापर्यंत काय काय होते ते सांगायचे. सूप, जाते, गिरणी, परात, तवा, हे शब्द मुलाच्या तोंडी येऊ द्यायचे. तिसऱ्या दिवशी मातीच्या भाकरी थापायच्या, लहान-मोठ्या ओळीने मांडायच्या. चौथ्या दिवशी घरातल्या माणसांना वाटायच्या : 'आजीला एक, बाबांना दोन, किती झाल्या?' पाचव्या दिवशी थापण्याच्या ठेक्यावर घरातच एखादे गाणे जुळवायचे. सहाव्या दिवशी पुस्तकातले स्वयंपाकाचे चित्र शोधायचे. सातव्या दिवशी मुलाने सांगितलेली गोष्ट मोठ्या भावंडाने कागदावर उतरवून तीच त्याला वाचून दाखवायची. खर्च काहीच नाही. वेळ रोज अर्धा तास, तोही काम करता करता. पुढे पाणी, शेळी, आठवडे बाजार, पाऊस, आपले घर असे विषय घेता येतील. एक काळजी मात्र घ्यावी. फार लहान मुलांच्या हाती दाणे, चिंचोके, मणी एकटे सोडू नयेत. ते नाकात किंवा घशात जातात.

हे सारे सांगताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोड कुटुंबे आहेत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. थोरली मुले कधी गावी राहतात, पण सहाच्या आतले मूल आईबरोबरच जाते. वर्षातले चार-पाच महिने त्याची गावची अंगणवाडी तुटते. त्याच्याबरोबर जाते ते फक्त घर, म्हणजे कोपी आणि आईबाप. पहाटेपासून फडात राबणाऱ्या आईला 'मुलाला शिकवा' असे सांगण्याचा आम्हाला संकोच वाटतो. तिचे ओझे वाढवणे हा आमचा हेतू नाही. पण गाठोड्यात दोन पुस्तके मावतात आणि वाढे बांधताना, चूल पेटवताना मुलाशी बोलता येते. मोळ्या मोजता येतात, कांडी लांब की आखूड ते विचारता येते. यामुळे अंगणवाडी आणि साखरशाळेची गरज संपत नाही. कारखान्याच्या तळावर ती सोय व्हावी ही मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु मागणी मान्य होईपर्यंत मूल थांबत नाही, ते वाढतच असते.

आणखी एक गोष्ट. 'माझा' ऐवजी 'मपला' आणि 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. जी भाषा त्याने आईकडून घेतली, तिच्यातच ते विचार करते. ती बंद केली तर मूलच गप्प होते. पुस्तकाची भाषा हळूहळू तिच्या शेजारी येऊन बसते. महागड्या इंग्रजी नर्सरीसाठी कर्ज काढणाऱ्या पालकांनीही याचा विचार करावा. घरी जी भाषा कोणी बोलत नाही तिच्यात पाठ केलेल्या चार ओळींपेक्षा आपल्या भाषेतले चार प्रश्न मुलाला अधिक पुढे नेतात.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचा वाटा सर्वांत मोठा आहे. तुम्हाला वाचता येते. रोज संध्याकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी पंधरा मिनिटे धाकट्या भावंडाला आणि शेजारच्या दोन मुलांना चित्राचे पुस्तक दाखवा. वडील मंडळींनीही हे बाईचे काम समजू नये. ज्योतिरावांनी सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकवले. त्यानंतर त्या आपल्या नगरला मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी आल्या. देशातल्या मुलींच्या शिक्षणाला पुढे जी दिशा मिळाली, तिची सुरुवात एका घरात झाली होती.

सभासदांपुढे आमची एकच सूचना आहे. पुढच्या गुणगौरव समारंभाच्या खर्चातून थोडी रक्कम काढून प्रत्येक वस्तीसाठी वीस चित्रपुस्तकांची एक पेटी करावी. ती विहारात कुलूप लावून न ठेवता घरोघरी फिरवावी. पुस्तके फाटतील, चिकटवून घेऊ. मुलांनी हाताळून फाटलेले पुस्तक हे पेटीत कोरे राहिलेल्या पुस्तकापेक्षा केव्हाही चांगले. आज जे मूल मांडीवर बसून पान उलटते आहे, त्याचा सत्कार दहा-बारा वर्षांनी याच व्यासपीठावर करण्याची संधी आपल्याला मिळो, हीच मंगल कामना.